घरचे इंटरनेट आणि दुकानचे इंटरनेट
(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



इंटरनेटची जोडणी कोणती घ्यावी, या विषयावर मला आज बोलावयास सांगितले आहे. मी इंजिनियर नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकविणारा साधा शिक्षक आहे. परंतु गेली पाच-सहा वर्षे मुलांचे अर्ज भरताना जे पाहिले आणि या कामी माझे स्वतःचे जे पैसे बुडाले, त्यांतून थोडेफार शिकलो. माझा अधिकार एवढाच.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. आमची एक माजी विद्यार्थिनी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. प्रवेशाच्या पहिल्या फेरीचा पसंतीक्रम आणि कागदपत्रे पाठविण्याचा शेवटचा दिवस होता. गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असे पाच कागद, प्रत्येकी सुमारे दोन एमबीचे. घरात चार मोबाईल. मुलगी संध्याकाळी कामाला बसली तेव्हा त्या मोबाईलचा रोजचा दीड जीबी डेटा धाकट्या भावाने क्रिकेटचा सामना पाहून संपविलेला होता. डेटा संपला की नेट बंद पडत नाही, तर वेग ६४ केबीपीएसवर येतो, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. रेंज नाही असे समजून मायलेकी गच्चीवर गेल्या, तेथून सड्यावर गेल्या. शेवटी कोणी तरी खरे कारण सांगितले, तर नवा रिचार्ज मारावयाचा तोही त्याच मंद नेटवरून! पैसे भरण्याचे चक्र फिरतच राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे गणित करा. कंपनी वेग सांगते तो बिटमध्ये आणि आपल्या फाईलचे वजन असते बाईटमध्ये. एक बाईट म्हणजे आठ बिट. पाच कागदांचे १० एमबी म्हणजे ८ कोटी बिट झाले. सेकंदाला ६४ हजार बिट या वेगाने त्यांना १,२५० सेकंद, म्हणजे जवळजवळ २१ मिनिटे लागतात, आणि तीसुद्धा वेग अखंड मिळाला तर. संकेतस्थळ इतका वेळ कोणासाठी थांबून राहत नाही.

रात्री नऊला ती मुलगी अम्मीला घेऊन माझ्या दारी आली. माझ्या घरी नेट असते अशी तिची समजूत. ते त्या दिवशी चौथ्या दिवशीही बंदच होते. कंपनीचे नाव येथे घेत नाही, पण मी सवलतीच्या लोभाने सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून बसलो होतो आणि तक्रार केली की "चोवीस तासांत होईल" एवढेच उत्तर मिळे. मोटारसायकलने तालुक्याला गेलो, तर सायबर कॅफे बंद. अर्ज गेला नाही. पुढील फेरीत मुलीला जागा मिळाली, पण घरापासून फार दूरच्या महाविद्यालयात. वडील कुवेतला, घरात आई एकटी. मुलीला पाठवावे की नाही यावर त्या घरात महिनाभर खल चालला. अखेरीस पाठविले, हे त्या आईचे मोठेपण. पण ज्या घराने त्या वर्षी मोबाईलच्या रिचार्जवर पंधरा हजारांहून अधिक रुपये खर्चिले होते, त्या घराला ऐन वेळी १० एमबी पाठविता येऊ नयेत, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पंधरा हजार हा आकडा ऐकून पुढच्या रांगेतील दोन-तीन पालक हसले. तर तो हिशेबच आधी मांडू. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक कंपनीपरत्वे २९९ ते ३४९ रुपये झाला. आता महिना ३० दिवसांचा आणि पॅक २८ दिवसांचा, म्हणून वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये, आणि चार मोबाईलचे झाले १५,५४८.

दुसऱ्या बाजूला घरात येणारी फायबरची तार पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये जिओने ३० एमबीपीएस वेगाची जोडणी महिना ३९९ रुपयांना आणली. महिन्याला ३,३०० जीबीपर्यंत वापर. एअरटेल आणि बीएसएनएल यांच्या योजनाही याच आसपासच्या भावापासून सुरू झाल्या. येथे एक गोम आहे. मोबाईलच्या पॅकची किंमत करासह लिहिलेली असते, फायबरची बहुधा कर वगळून. १८ टक्के जीएसटी धरला की ३९९ चे सुमारे ४७१ होतात, वर्षाचे ५,६५०. "चारशेचे नेट घेतले आणि बिल पावणेपाचशेचे आले" अशी तक्रार पालक करतात, त्याचे कारण हे.

आता कोणी म्हणेल की सर, मोबाईल तर बंद करता येत नाहीत, मग हा खर्च वरचाच झाला. बरोबर आहे. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना आदेश दिला की ज्यांस डेटा नको त्यांस केवळ बोलण्याचा आणि संदेशांचा पॅक मिळाला पाहिजे. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले. एअरटेलचा वर्षभराचा पॅक १,८४९ रुपयांना होता. घरात बाहेर फिरणारा एकच माणूस असेल तर त्याचा डेटा ठेवा, बाकी तिघांस बोलण्याचा पॅक द्या. फायबरचे ५,६५०, एका डेटा पॅकचे ३,८८७, तीन साध्या पॅकांचे ५,५४७. बेरीज १५,०८४. म्हणजे पूर्वीपेक्षा साडेचारशे रुपये कमीच! पूर्वी चौघांत मिळून २८ दिवसांस १६८ जीबी मिळत. आता घराला महिन्यास ३,३०० जीबी. अर्थात मुलगा किंवा मुलगी रोज एसटीने कॉलेजास जात असेल, तर त्यांच्या मोबाईलात डेटा लागेल आणि ही बचत उरणार नाही. तो विचार ज्याने त्याने आपल्या घरापुरता करावा. भावही बदलत असतात. घेताना त्या दिवसाचे दर विचारून हाच हिशेब पुन्हा मांडावा.

आता या जोडण्यांची जात ओळखू या. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून डायल करून लागे. पुढे त्याच तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड आले. मी दहावीत असताना निकाल पाहावयास तालुक्याच्या सायबर कॅफेत गेलो होतो. एक पान उघडेपर्यंत माझा आणि माझ्या मित्राचा घामटा निघाला. सन २००४ च्या सरकारी धोरणाप्रमाणे २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. २०१३ मध्ये ती व्याख्या ५१२ वर गेली आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. तांब्याच्या तारेत दोन दोष. एक्स्चेंजपासून घर जितके दूर तितका वेग कमी; आणि नेट खाली येण्याचा वेग जास्त, पण वर पाठविण्याचा, म्हणजे अपलोडचा, फार थोडा. शिवाय आपल्या कोकणात विजा कडाडल्या की तांब्यातून येणारा झटका मोडेम जाळून टाकतो.

फायबर म्हणजे केसासारखी काच, तीतून प्रकाश जातो. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून त्या वाटेने मोडेम जळण्याचे भय नाही. अंतराने वेग विशेष घटत नाही आणि अपलोडही भरपूर मिळतो. तथापि "फायबर" हा शब्द ऐकून भुलू नका. विक्रेत्यास एवढे विचारा: काचेची तार थेट माझ्या घरातील यंत्रापर्यंत येते, की कोपऱ्यावरच्या घराच्या पेटीपर्यंत येऊन तेथून साधी केबल येते? पेटी असेल तर ती कोणाच्या तरी घरच्या विजेवर चालते. त्या घरची वीज गेली, किंवा ते कुटुंब मुंबईला गेले आणि मेन स्वीच बंद करून गेले, की तुमचे नेट बंद. ही कल्पना नव्हे, आमच्या वाडीत मे महिन्यात तसेच घडले आहे.

तिसरी जात बिनतारी. मोबाईलचा ४-जी, ५-जी आपण जाणतोच. टॉवरची क्षमता सर्वांत वाटली जाते, म्हणून सकाळी धावणारे नेट रात्री नऊला बसते. त्याच तंत्राने छपरावर यंत्र बसवून घरात वायफाय देणारी सेवा २०२३ मध्ये आली. एअरटेलने ऑगस्टमध्ये आणि जिओने सप्टेंबरमध्ये एअरफायबर या नावाने ती सुरू केली. जिओचा आरंभीचा भाव ५९९ रुपये अधिक कर आणि मर्यादा महिना १,००० जीबी. तार ओढावी लागत नाही, ही तिची सोय. जेथे काचेची तार येण्याची आशाच नाही, तेथे ती घ्यावी. जेथे तार येते, तेथे केवळ दुकानदार आग्रह करतो म्हणून अधिक पैसे देऊन ती घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. आणि एक नाव दोन गोष्टींना लावलेले आहे हे ध्यानात ठेवा: फायबर निराळे, एअरफायबर निराळे.

उपग्रहाच्या इंटरनेटचीही पुष्कळ चर्चा चालते. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारत सरकारचा परवाना मिळाला. परंतु ज्या गावात साधी तार किंवा टॉवर आहे, तेथील कुटुंबाने त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही.

पालकहो, यांपैकी काहीही घेण्यापूर्वी शेजाऱ्यास विचारा. "वेग किती?" असे विचारू नका, "गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होते आणि माणूस किती दिवसांनी आला?" असे विचारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडात आणि आमच्या दापोली-मंडणगड भागात खांब आडवे झाले, तारा तुटल्या, बॅटऱ्या आणि डिझेल संपताच टॉवर मुके झाले. कित्येक गावे आठवडे-आठवडे अंधारात राहिली. आखातातून फोन करणारी माणसे इकडच्यांचा आवाज ऐकण्यासाठी तळमळत होती. तेव्हापासून मी एक नियम केला. घरात दोन वाटा ठेवावयाच्या. तार एका कंपनीची असेल, तर घरातील एक तरी सिम दुसऱ्या कंपनीचे. दोन्ही एकाच कंपनीची ठेवली, तर पुष्कळदा दोन्ही एकदमच जातात.

वीज गेली की घरातील फायबरचे यंत्रही बंद पडते. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून वीज मिळे, म्हणून तो अंधारातही वाजे. काचेच्या तारेचे तसे नाही. त्यासाठी छोटी बॅटरी मिळते, हजार-दीड हजारात. परीक्षेचे किंवा प्रवेशाचे मूल घरात असेल तर हा खर्च जरूर करावा.

पुष्कळदा दोष कंपनीचा नसतोच. आपली घरे जांभ्या दगडाची, भिंती हातभर जाड. यंत्र पुढच्या पडवीत कपाटावर ठेवावयाचे आणि मूल मागच्या खोलीत अभ्यासास बसवावयाचे, मग नेट पोहोचणार कसे? यंत्र घराच्या मध्यावर, उघड्यावर ठेवा. वायफायची दोन नावे दिसतात. त्यांतील ५ गिगाहर्ट्झचे जवळ वेगवान पण भिंतीस हार जाते, २.४ चे सावकाश पण लांब जाते. दुसरे असे की दुबईहून व्हॉट्सअॅपवरचा कॉल लागत नाही म्हणून एका चाचांनी येथे दोनदा कंपनी बदलली! अमिरातीत अशा कॉलवर तेथील नियमांनी वर्षानुवर्षे निर्बंध राहिले आहेत. इकडची जोडणी बदलून ते सुटत नाहीत.

आता दुकानदार आणि व्यावसायिक मंडळींकडे वळतो. किराणा दुकानास, मेडिकलला, कपड्याच्या दुकानास वेग फार लागत नाही. क्यूआर कोडवर पैसे घेण्यास अगदी थोडा डेटा पुरतो. त्यांस हवे ते सातत्य. तेव्हा मोठ्या वेगाच्या योजनेवर पैसे घालविण्यापेक्षा साधी फायबर आणि जोडीला दुसऱ्या कंपनीचे सिम, एवढ्यावर काम भागते. मात्र जोडणी दुकानाच्या नावे, जीएसटी क्रमांक घालून घ्यावी. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास त्या बिलावरील कराची वजावट नियमाप्रमाणे मिळू शकते. घरगुती योजना घेऊन दुकानात चालविली तर ती मिळत नाही आणि कंपनीच्या अटींचाही बहुधा भंग होतो.

सेवा केंद्र, फोटो स्टुडिओ, मासळीची निर्यात करणारे कार्यालय यांचे काम निराळे. त्यांना दिवसभर कागद आणि चित्रे वर पाठवावी लागतात. त्यांनी अपलोडचा आकडा लेखी घ्यावा. दुरून कॅमेरे पाहावयाचे किंवा कार्यालयातील संगणकाशी बाहेरून जोडावयाचे असेल, तर स्थिर पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, लागू शकतो. तो फुकट मिळेलच असे नाही. याहून वरची पायरी म्हणजे लीज्ड लाईन. तीत ठरलेला वेग एकट्या तुम्हांस, येताजाता सारखा, आणि बंद राहिल्यास भरपाईचा करार. तिचा भाव घरगुती जोडणीच्या कैक पट. रुग्णालय, बँक, मोठे कार्यालय यांचा तो विषय. करारात ९९ टक्के लिहिले असेल तर खुश होऊ नका. वर्षाचे ८,७६० तास; त्यांचा एक टक्का म्हणजे जवळजवळ ८८ तास बंद राहण्याची मुभा तुम्ही कंपनीस दिली. ९९.९ असेल तर ही मुभा पावणेनऊ तासांवर येते. गणिताचे शिक्षक येथे बसले आहेत, त्यांनी हे उदाहरण जरूर वर्गात घ्यावे.

पैसे भरण्याविषयी माझा अनुभव आरंभी सांगितलाच. सहा महिन्यांची किंवा वर्षाची सवलत मोह घालते. आधी एक महिना घ्या, रात्री नऊ वाजता ट्रायच्या मायस्पीड अॅपवर खालचा आणि वरचा असे दोन्ही वेग मोजा, आठवडाभर वहीत टिपून ठेवा, मग लांबचा करार करा. मोबाईलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. घरातील तारेच्या जोडणीत तशी सोपी सोय नाही. यंत्र कोणाचे, अनामत किती, सोडताना परत मिळते का, हेही आधीच विचारावे.

आणि तक्रार करावयाची ती नीट करा. मी तीन आठवडे नुसता फोनवर भांडत राहिलो, ती माझी चूक. तक्रार केंद्राकडून क्रमांक मागून घ्यावा आणि तो लिहून ठेवावा. तेथे निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते, त्यास फी नाही. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. परंतु ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तसा स्पष्ट निर्णय दिला आहे. मी क्रमांकासह लेखी अपील केल्यावर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत आले. मुलीची पहिली फेरी मात्र परत आली नाही.

त्या घरात त्याच हिवाळ्यात फायबरची तार आली. मुलगी सुट्टीत घरी येते तेव्हा वाडीतील मुलांचे अर्ज भरून देते आणि शेवटच्या दिवशी येणाऱ्यास प्रथम रागावते, मग भरून देते.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी संगणक कक्षात दोन तास बसणार आहे. पालकांनी आपल्या घरातील सर्व मोबाईलच्या गेल्या रिचार्जचे संदेश आणि तारेची जोडणी असल्यास तिचे बिल घेऊन यावे. विद्यार्थ्यांनी वही-पेन्सिल आणावी. प्रत्येक घराचा वर्षाचा हिशेब त्यांच्याच हातून मांडून घेऊ. माता-भगिनींनी अवश्य यावे, कारण रिचार्ज कधी संपला हे घरात त्यांनाच आधी कळते. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.